गॅलरीतल्या झाडांसाठी टायमर मॉड्यूल लावलं, पण बादली रिकामी होते. नेमकं चुकतंय कुठे?

अनंताची_कुंडी (माहीम)

नमस्कार. मी शाळेत शिक्षिका आहे, इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण नाही. सोल्डरिंग मुलाबरोबर त्याच्या प्रोजेक्टच्या निमित्ताने शिकले आणि आता ते मला मनापासून आवडतं.

आमच्या गॅलरीत अकरा कुंड्या आहेत. त्यांत तुळस, दोन मोगरे, कढीपत्ता, ओवा, गवती चहा आणि एक मोठा अनंत. अनंत सासूबाईंनी लावलेला. त्या गेल्या त्याला चार वर्षं झाली, झाड दर मे महिन्यात फुलतं. यंदा नेमके त्याच दिवसांत आम्ही दहा दिवस देवगडला जाणार आहोत, म्हणून ही खटपट.

लॅमिंग्टन रोडवरून एकशेसाठ रुपयांना टायमरचा रिले बोर्ड आणला (रिले म्हणजे विजेने चालू-बंद होणारा स्विच). तीन आकडी लाल डिस्प्ले, चार बटणं, पाठीमागे एक्सवाय-जे०२ असं छापलंय. १२ व्होल्टचा छोटा डायफ्राम पंप, जुन्या सेट-टॉप बॉक्सचा १२ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर, वीस लिटरची बादली आणि प्रत्येक कुंडीत एक बारीक नळी. अडॅप्टरची प्लस वायर बोर्डाला, तिथूनच रिलेच्या कॉमन टोकाला, एनओमधून (रिले चालू झाला तरच जोडलं जाणारं टोक) पंपाला. मायनस दोघांची एकच.

पी ३.२ मोड ठेवला, कारण त्यात ट्रिगर म्हणजे बाहेरून इशारा लागत नाही, वीज आली की आपोआप सुरू होतं. ओपी (पंप चालू राहण्याची वेळ) ६० सेकंद, सीएल (बंद राहण्याची वेळ) ७१९ मिनिटं. म्हणजे बारा तासांचं चक्र, दिवसातून दोनदा पाणी. चोवीस तासांचं करता आलं नाही, ९९९ मिनिटांच्या पुढे आकडा जातच नाही.

पहिले दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवशी शाळेतून आले तर बादली कोरडी आणि खालच्या मजल्यावरच्या आजींच्या कुरडयांच्या ताटात पाणी. त्यांनी दोन दिवस खपून चीक शिजवून घातलेल्या कुरडया होत्या. त्या एक शब्द बोलल्या नाहीत, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

मी पाहिलं तेव्हा रिलेचा दिवा बंद होता आणि डिस्प्ले उलटे आकडे नीट मोजत होता. म्हणजे बोर्ड म्हणतोय पंप बंद आहे, तरी बादली रिकामी. आजी म्हणतात दुपारी पंपाची घरघर "बऱ्याचदा" ऐकू आली.

जायला तीन आठवडे आहेत. बोर्ड बदलू का? की हे स्वस्त बोर्ड या कामाचेच नाहीत?

---

नऊ_व्होल्ट (ठाणे)

ताई, रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटले असणार. मोटरच्या लोडवर होतं असं. बोर्ड बदलून टाका, दीडशे रुपयांचा तर आहे. नाहीतर ५५५ नावाच्या आयसीवर स्वतःच टायमर बनवा. आयसी दहा रुपयाला मिळते, शिकायलाही मिळेल.

---

लालबागचा_इन्स्ट्रुमेंटवाला (परळ)

ताई, बोर्ड बदलू नका, अजून त्याचा दोष सिद्ध झालेला नाही.

मी एकतीस वर्षं गिरणीत इन्स्ट्रुमेंट विभागात काढली. रंगाई खात्यातल्या मशिनांचे टायमर माझ्याकडे असायचे. तेव्हा ते जेवणाच्या डब्याएवढे असत, आत छोटी मोटर आणि दातेरी चकत्या. त्या कामाने एक सवय लावली, की पार्ट बदलण्याआधी बिघाड पुन्हा घडवून पाहायचा. बदललेल्या पार्टने बिघाड गेला तर कारण कळत नाही, आणि कारण कळलं नाही तर तो परत येतो.

कॉन्टॅक्ट चिकटले असते तर तुम्ही पोहोचलात तेव्हा पंप कोरडाच घरघरत असता. तो शांत होता. आणि आजींनी घरघर "बऱ्याचदा" ऐकली, सलग नव्हे. हे दोन्ही धागे महत्त्वाचे आहेत. मला दोन शक्यता दिसतात.

पहिली. बादली कुठे ठेवली आहे? स्टुलावर असेल आणि नळ्यांची टोकं तिच्यातल्या पाण्यापेक्षा खाली असतील, तर एकदा नळी भरली की पंप बंद झाला तरी पाणी वाहतच राहतं. टाकीतून तोंडाने नळी ओढून रॉकेल काढायचे तसंच. डायफ्राम पंपाच्या आतल्या झडपा पाणी मागे येऊ देत नाहीत, पण पुढे जायला अडवत नाहीत.

दुसरी. पंप बंद होताना बोर्ड रीसेट होत असेल. पी ३.२ मध्ये वीज आली की बोर्ड आधी ओपी चालवतो, मग सीएल. म्हणजे रीसेट झाला की लगेच पुन्हा साठ सेकंद पाणी. ते संपताना पुन्हा रीसेट झाला तर पुन्हा साठ सेकंद. जेव्हा रीसेट होणार नाही तेव्हाच चक्र पुढे सरकणार, आणि त्यानंतर तुम्ही पाहिलंत तर सगळं सुरळीतच दिसणार.

दोन्ही तपासता येतील.

एक, पंप चालवा आणि पाणी वाहू लागल्यावर पंपाची वायर काढा. नळीच्या टोकाखाली पाच मिनिटं पाण्याचा मग धरून बसा.

दोन, ओपी ५ सेकंद आणि सीएल ५ सेकंद ठेवा, नळी परत बादलीत सोडा आणि वीस चक्रं डिस्प्लेकडे बघत बसा. पापणी लवते तसा डिस्प्ले विझून पेटतो का, आणि तो पंप सुरू होताना की बंद होताना, हे लिहून ठेवा. सुरू होताना विझला तर अडॅप्टर कमी पडतोय. बंद होताना विझला तर औषध वेगळं आहे.

सेकंद-मिनिटांची अदलाबदल करताना ठिपक्यांकडे लक्ष द्या. वेळ सेट करताना स्टॉपचं बटण हलकेच दाबलं की ठिपका सरकतो. शेवटच्या आकड्याला ठिपका म्हणजे पूर्ण सेकंद, मधल्याला म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, तिन्ही ठिपके पेटले की मिनिटं. पाच सेकंदांऐवजी पाच मिनिटं होऊन बसतात आणि माणूस बोर्डाला दोष देतो.

नऊ व्होल्ट, तुमचं ५५५ माझंही लाडकं आहे. पण हिशेब करून पाहा. वेळ म्हणजे १.१ गुणिले रेझिस्टर गुणिले कॅपॅसिटर. १ मेगओहम आणि १००० मायक्रोफॅरड घेतले तरी ११०० सेकंद, जेमतेम अठरा मिनिटं. त्यापुढे जायला गेलात की इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर जितका भरतो तितकाच आतल्या आत गळतो आणि टायमर कधी संपतच नाही. मोठ्या वेळेसाठी ४०६० सारखा मोजणारा आयसी लागतो. हा बोर्डही आत मोजूनच वेळ काढतो, तिथे तो ५५५ पेक्षा सरस आहे.

---

अनंताची_कुंडी

काका, रविवारची सकाळ याच्यातच गेली.

बादली स्टुलावरच होती. पाणी उपसायला पंपाला सोपं जावं म्हणून मीच ठेवली होती. वायर काढल्यावर पाणी थांबलं नाही. धार बारीक झाली, पण पाच मिनिटांत एका नळीखालचा मग अर्धा भरला. अशा अकरा नळ्या!

मग दुसरी तपासणी. मी डिस्प्लेकडे बघत होते आणि मुलगा वहीत खुणा करत होता. वीस चक्रांत तीन वेळा डिस्प्ले विझून पेटला. तिन्ही वेळा पंप बंद होताना. आणि तिन्ही वेळा पंप लगेच पुन्हा सुरू झाला.

म्हणजे तुमच्या दोन्ही शक्यता खऱ्या निघाल्या. आता काय करू? आणि पंप बंद होताना रीसेट का व्हावा? बंद होताना तर ताण कमी होतो ना?

---

लालबागचा_इन्स्ट्रुमेंटवाला

वहीत खुणा केल्यात हे वाचून फार बरं वाटलं. मुलाला शाबासकी सांगा.

तुमचा प्रश्न रास्त आहे. पंपाच्या मोटरमध्ये तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. अशा वेटोळ्यातून वाहणारा करंट एकदम थांबायला तयार नसतो. रिलेचे कॉन्टॅक्ट उघडले की करंटची वाट तुटते, पण वेटोळ्यात साठलेली ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. ती व्होल्टेज वाढवत नेते आणि उघडणाऱ्या कॉन्टॅक्टमधल्या फटीतून ठिणगी मारते. पारदर्शक झाकणाचा रिले अंधारात बघितलात तर निळा ठिपका दिसतो. त्या ठिणगीचा झटका वायरींमधून बोर्डावरच्या मायक्रोकंट्रोलरपर्यंत (बोर्ड चालवणारी चिप) पोहोचतो आणि तो गोंधळून पहिल्यापासून सुरू होतो. तुमची प्लस वायर आधी बोर्डाला आणि तिथून पंपाला गेली आहे, म्हणजे झटक्याला आपण घराचा दरवाजाच उघडून दिलाय.

उपाय असा. पंपाच्या दोन टोकांवर, पंपाच्या अगदी जवळ, एक डायोड लावा, तो करंट एकाच दिशेने जाऊ देतो. १एन५४०८ घ्या, तीन अँपिअरचा आहे. १एन४००७ सुद्धा चालून जाईल, पण जाड पायांचा डायोड गॅलरीत जास्त टिकतो असा माझा अनुभव आहे. डायोडच्या अंगावर पट्टा असतो, तो पट्टा पंपाच्या प्लस बाजूला. उलटा लावलात तर तो शॉर्ट होईल, म्हणून सोल्डर करण्याआधी दोनदा बघा. पंप बंद झाला की वेटोळ्यातला करंट या डायोडमधून गोल फिरून विरून जातो, ठिणगीला कारण उरत नाही. कॉन्टॅक्टचं आयुष्यही वाढतं. त्याच टोकांवर १०४ लिहिलेला सिरॅमिक कॅपॅसिटर लावा, तो मोटरच्या ब्रशचा खरखराट शोषतो.

मग वायरिंग बदला. अडॅप्टरच्या टोकापासूनच दोन जोड्या काढा. एक जोडी फक्त बोर्डाला, दुसरी रिलेच्या कॉमनमधून पंपाला. दोन्ही जोड्या फक्त अडॅप्टरपाशी भेटतील. अडॅप्टर १ अँपिअरचा आहे, तो २ अँपिअरचा करा. आज चालतोय, पण मोटर सुरू होताना नेहमीपेक्षा जास्त करंट ओढते आणि नळीत कचरा अडकला तर आणखी ओढेल.

आता पाण्याचं. बादली जमिनीवर ठेवा, छोटे डायफ्राम पंप तेवढं पाणी सहज वर ओढतात. पण तुमचा अनंत मोठ्या कुंडीत म्हणजे जमिनीवरच असणार, तेव्हा भरलेल्या बादलीची पातळी त्या नळीच्या टोकापेक्षा वर राहू शकते. म्हणून पंपातून निघालेली मुख्य नळी आधी सर्वांत उंच न्या, ग्रिलला बांधा, आणि तो उंच भाग बादलीच्या बरोबर वर येईल असं बघा. तिथे तापवलेल्या सुईने एक भोक पाडा. पंप चालताना तिथून बारीक चिळकांडी उडेल आणि बादलीतच पडेल. पंप थांबला की भोकातून हवा आत शिरेल आणि धार तुटेल.

यापुढचं मात्र मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण तुम्ही दहा दिवस घरी नसाल. दोन्ही बिघाड दुरुस्त झाले तरी एका रिलेवर सगळं सोपवू नका.

लोहार चाळीत सॉकेटमध्ये खोचायचा यांत्रिक टायमर मिळतो, गोल तबकडीवर पंधरा-पंधरा मिनिटांच्या शहाण्णव खुंट्या असलेला. त्यावर सकाळी सातची एकच खुंटी दाबा आणि अडॅप्टर त्यात लावा. आता रोज सातला बोर्डाला वीज मिळेल, पी ३.२ लगेच ओपी चालवेल, मग सीएल मोजत बसेल आणि सव्वासातला वीजच जाईल. सीएल ९९९ मिनिटं ठेवा, तो कधी पूर्ण होणारच नाही. रिले चिकटला, बोर्ड वेडा झाला, काहीही झालं तरी पंप पंधरा मिनिटांपलीकडे चालू शकत नाही. आणि नळाला काही जोडायचं नाही. बादलीत वीस लिटर आहे तेवढंच काय ते सांडू शकतं.

यात तुमचा चोवीस तासांचा प्रश्नही सुटतो. या बोर्डांवर वेळेसाठी बहुधा वेगळा क्रिस्टल (अचूक ठोके देणारा पार्ट) नसतो, मायक्रोकंट्रोलरच्या आतल्या ऑसिलेटरवर काम चालतं. माझ्याकडच्या एका बोर्डाने बारा तासांत साडेतीन मिनिटं खाल्ली. दहा दिवसांत तो सत्तर मिनिटं सरकला असता. साठ सेकंद मोजायला हे बोर्ड उत्तम, पण दिवस मोजायला मी त्यांना लावत नाही. तबकडीच्या टायमरातली मोटर विजेच्या ५० हर्ट्झवर फिरते, ती भरकटत नाही. फक्त वीज गेली की तबकडी तेवढा वेळ थांबते.

आणखी एक, इतर वाचणाऱ्यांसाठी. रिलेवर १० अँपिअर २५० व्होल्ट छापलेलं असतं म्हणून गॅलरीत या उघड्या बोर्डातून २३० व्होल्ट नेऊ नका. पट्ट्यांमधलं अंतर थोडकं, वर आपली समुद्राची दमट हवा आणि ओले हात. ताईंनी १२ व्होल्टचा पंप घेतला हे फार शहाणपणाचं केलं. अडॅप्टर आणि तबकडी दोन्ही घराच्या आत राहू द्या, गॅलरीत फक्त १२ व्होल्टची वायर जाऊ दे.

---

नऊ_व्होल्ट

काका, ठिणगीचं पटलं. मी कॉन्टॅक्ट म्हणालो ते घाईत. पण एक सांगू का, आर्डुइनो नॅनो बोर्ड आणि डीएस३२३१ घड्याळ लावलं तर तबकडीची गरजच नाही. वर्षाला एखाद-दुसरं मिनिट इकडेतिकडे, आणि वीज गेली तरी सेल वेळ सांभाळतो. ताई, कोड मी लिहून देईन.

---

लालबागचा_इन्स्ट्रुमेंटवाला

घड्याळ तुमचं सरसच आहे, त्यात वाद नाही. पुढच्या वर्षी ताईंच्या मुलाबरोबर बसून जरूर करा. यंदा मला तबकडी हवी आहे ती वेळेसाठी कमी आणि वीज तोडण्यासाठी जास्त. नॅनोही शेवटी एकाच रिलेला हुकूम देणार, आणि तो रिले चिकटला तर घड्याळ कितीही अचूक असून पंप चालूच राहील.

---

भांडुपची_मावशी

मला त्या वायरींतलं कळत नाही, पण बादलीवर झाकण आहे का गं? दहा दिवस उघडं स्वच्छ पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासाला आमंत्रण. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा पुरतो. आमच्याकडे महापालिकेची कीटकनाशक खात्याची माणसं येतात ती आधी कुंड्यांखालच्या ताटल्याच बघतात. झाकणाला भोक पाडून नळी आत घाल आणि फट राहिली तर जुन्या ओढणीचा तुकडा बांध. ताटल्या काढून ठेव. आणि कुंडीत वर नारळाच्या शेंड्या पसर, पाणी कमी लागतं.

---

अनंताची_कुंडी

मावशी, झाकणाचं खरंच सुचलं नव्हतं. मुख्य नळीचं भोक आता झाकणाच्या भोकाच्या बरोबर वर घेतलंय आणि भोवती ओढणी सैल बांधली आहे. चिळकांडी ओढणीतून गाळून बादलीत पडते.

काका, डायोड लावला. पट्टा तीनदा बघितला. वायरींच्या दोन जोड्या केल्या, अडॅप्टर २ अँपिअरचा आणला. मग बोर्डाचा लूपचा (चक्र किती वेळा चालवायचं त्याचा) आकडा १०० केला, ओपी-सीएल पाच-पाच सेकंद, आणि वह्या तपासत बसले. शंभर वेळा टक-टक झालं. डिस्प्ले एकदाही विझला नाही. शंभर झाल्यावर बोर्ड स्वतःच थांबला. लूप परत तीन आडव्या रेघांवर, म्हणजे न थांबता चालू, आणून ठेवला आहे.

वायर काढून मगाची तपासणीही पुन्हा केली. चार-पाच थेंब पडले आणि धार तुटली.

ओपी आता ४५ सेकंद केला आहे, तेवढ्यात सगळ्या नळ्यांतून मिळून १.६ लिटर येतं, मापाने मोजलं. अनंताला दोन नळ्या दिल्या आहेत. दहा दिवसांचे सोळा लिटर, बादली वीसची. तबकडी साडेचारशेला मिळाली. पाच दिवस आम्ही घरी असतानाच चालवून बघणार आहे, मग निघू.

---

अनंताची_कुंडी (तीन आठवड्यांनंतर)

काल रात्री देवगडहून परतलो. सामान दारात ठेवून आधी गॅलरीत गेले.

अनंताला सात फुलं होती, दोन पिवळी पडलेली, म्हणजे चार-पाच दिवसांपूर्वी उमललेली. घरात कोणी नसताना ती फुलली. मोगरा आणि तुळस उत्तम. गवती चहाची टोकं वाळली आहेत, त्याच्या नळीत माती अडकली होती. बादलीत साधारण चार लिटर उरलं होतं, झाकणाखाली एकही अळी नाही.

तबकडी पस्तीस मिनिटं मागे होती. सोसायटीत मीटर रूमचं काम निघालं होतं, तेव्हा वीज बंद होती म्हणे. तुम्ही सांगितलं होतं तसंच.

खालच्या आजींकडे सकाळी गेले. गावाहून आणलेले आंबे दिले आणि कुरडयांबद्दल पुन्हा माफी मागितली. त्या म्हणाल्या, रोज सातला वर घुर्र वाजलं की मी चहाचं आधण ठेवायचे, शेवटच्या दिवसांत जरा उशीर व्हायला लागला.

---

लालबागचा_इन्स्ट्रुमेंटवाला

सात फुलं! फार आनंद झाला, ताई.

गवती चहाच्या नळीचं टोक मातीत खुपसू नका, काडीला बांधून दोन बोटं वर ठेवा. चार लिटर उरलं आहे, तेव्हा पुढच्या वेळी ओपी ५० करायला हरकत नाही. बादलीच्या तळाचं इंचभर पाणी पंपाला मिळत नाही असं धरून चाला. आता पावसाळ्यात बोर्ड तसाच गॅलरीत ठेवू नका. काढून, कोरड्या फडक्याने पुसून, तांदळाच्या डब्यात नव्हे तर झाकणाच्या बरणीत सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवा. पंपातून सगळं पाणी काढून टाका, नाहीतर क्षार बसून झडपा चिकटतात.